सही येते, वाचता येत नाही

लडाखमधले रस्ते कोण बांधतं असं विचारलं तर बहुतेक लोक यंत्रांची नावं सांगतात. प्रत्यक्षात दर उन्हाळ्यात झारखंडच्या दुमका आणि आसपासच्या भागातून मजूर तिथं येतात. दगड फोडतात, डांबर ओततात, दरड कोसळली की फावडी घेऊन धावतात आणि बर्फ पडायला लागला की गावी परततात. आमची गाडी ज्या रस्त्यावरून वर चौकीपर्यंत जायची, तो त्यांच्याच हातचा.

काही वर्षांपूर्वी त्या भागात पोस्टिंग असताना आमच्या चौकीच्या खालच्या अंगाला त्यांचे तंबू होते. एकदा त्यांच्यातला एकजण औषधाची पट्टी घेऊन आमच्या एम.आय. रूमवर आला. खोकल्याच्या गोळ्या म्हणून तो आठवडाभर ज्या घेत होता, त्या जुलाबाच्या निघाल्या. नर्सिंग असिस्टंटने हसत हसत सांगितलं, तेव्हा मीही हसलो. रात्री मात्र ते हसू टोचायला लागलं. कमांडिंग ऑफिसरांची परवानगी घेतली, मजुरांच्या मुनशीशी बोललो आणि वर्ग सुरू करायचं ठरवलं. आठवड्यातून तीन दिवस एकेक तास. दोन संध्याकाळी आणि रविवार.

मी खडकवासल्याचा. योजना आखायची म्हटली की आमचा हात आधी तक्त्याकडे जातो. लेहहून बालवाचनाची पुस्तकं मागवली, चित्रांचे तक्ते मागवले, ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंतची अक्षरं दिवसांत वाटून टाकली. तक्ता इतका देखणा झाला होता की तो भिंतीवर लावून फोटो काढावा. पहिल्या दिवशी बावीस माणसं आली. दुसऱ्या आठवड्यात नऊ उरली.

आमच्याकडे हत्यारं शिकवणारे एक हवालदार होते, कोल्हापूरकडचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ते मागे उभे राहून वर्ग बघायचे. एके संध्याकाळी म्हणाले, “साहेब, रागावणार नसाल तर बोलू?”

“बोला की.”

“आपण रिक्रूटला पहिल्या दिवशी रायफलीचा इतिहास सांगतो का? हातात देतो. खोल म्हणतो, जोड म्हणतो. हितं तुम्ही पन्नाशीच्या माणसाला अनार दाखवताय. त्याला त्या अनाराचं काय करायचंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘अ से अनार’ त्याचा नातू शाळेत म्हणत होता. दिवसभर दगड फोडून आलेल्या माणसाला आपण नातवाच्या बाकावर बसवत होतो, आणि तो न बोलता उठून जात होता.

ज्यांनी सैन्यात काढली आहेत त्यांना हत्यारांच्या वर्गाचा साचा तोंडपाठ असेल. शुरू शुरू का काम, दोहराई, पहुँच, उद्देश, सामान, भागों में बाँट. मग बयान, नमूना, नकल, अभ्यास. आपण या साच्याची थट्टा करतो, पण त्यात मोठं शहाणपण आहे. ‘पहुँच’ म्हणजे समोरच्याला हे कशासाठी शिकायचं ते आधी पटवणं. ‘उद्देश’ म्हणजे आजचा तास संपल्यावर त्याला नेमकं काय करता आलं पाहिजे ते एका वाक्यात सांगणं. माझ्या सुंदर तक्त्यात सामान होतं, भाग होते, पण पहुँच नव्हती.

आम्ही तक्ता काढून टाकला. पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगितलं की आज शिकवणं नाही, तुमच्याकडे जो काही लिहिलेला कागद असेल तो घेऊन या. कागद आले. हजेरीची कार्डं, बँकेची पासबुकं, आधार, रेल्वेची जुनी तिकिटं, औषधांच्या पट्ट्या. एकाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद आणला होता. तीन वर्षं तो त्याच्याबरोबर दुमका ते लडाख फिरत होता. गावात घेतलेल्या कर्जाचा कागद. तो त्याने कुणाकडूनही वाचून घेतला नव्हता. कारण गावात ज्याच्याकडे न्यायचा तो एकतर कर्ज देणारा किंवा त्याचा भाऊबंद, आणि इथं कुणाला दाखवला तर बोभाटा. न वाचता येणाऱ्या माणसाला गुपितही ठेवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग अभ्यासक्रम त्या कागदांवरूनच उलटा आखला. आधी कागद, मग कागदातला शब्द, मग शब्दातलं अक्षर.

आपल्याकडे शाळेत ‘गमभन’ या क्रमाने अक्षरं शिकवण्याची पद्धत होती. वळणाला सोपी आणि एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं आधी. आम्ही त्यात वापराची भर घातली. पहिले दहा शब्द घेतले: काम, नाम, दाम, दिन, रात, माल, पानी, दवा, बस, चावल. मोजून बघा, यात बाराच अक्षरं आहेत, आणि काना व दोन वेलांट्या. उस्तादांनी प्रत्येक शब्द पुठ्ठ्यावर लिहून कात्रीने कापला आणि हत्यारासारखा शिकवला. “खोलो.” का, म. “जोडो.” काम. “अब दूसरा पुर्जा लगाओ.” ना, म. नाम. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळे तुकडे ब्लँकेटवर ओतले आणि म्हणाले, आता तुमच्या मनाने काहीतरी जोडा. कुणी ‘दादा’ केलं, कुणी ‘मकान’. एका पोराने बराच वेळ शोधून दोन तुकडे शेजारी ठेवले: बा, की. बाकी. हा शब्द आम्ही शिकवला नव्हता. सगळा तंबू त्या दोन पुठ्ठ्यांवर वाकून बघत होता. मुनशीच्या वहीत सगळ्यांच्या नावापुढे असलेला हाच तो शब्द.

ही काही आमची नवी शोधपद्धत नव्हती. नंतर वाचनात आलं की ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस नावाच्या गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना जवळजवळ ४० तासांत याच वाटेने वाचायला शिकवलं होतं. त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे, त्यांवर गप्पा मारायच्या, मग ते फोडायचे आणि जोडायचे. बांधकाम मजुरांसाठी त्यांचा एक प्रसिद्ध शब्द ‘वीट’ होता. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मत देता येत नसे. त्यामुळे वाचायला शिकणं म्हणजे मतदार होणं. १९६४ मध्ये तिथं लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेइरेंना तुरुंगात टाकलं. गणवेशातल्या माणसाने हा भागही सांगितला पाहिजे. आपल्याकडे तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा परवडत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना तेव्हा कळली होती. आपल्या वेळापत्रकांना ती अजून कळलेली नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा.

प्रौढ साक्षरतेचा कुठलाही वर्ग घ्या, पहिल्या काही दिवसांत सही शिकवतात. त्यामागचा हेतू चांगला असतो. माणसाला आपलं नाव लिहिता आलं की उमेद येते, अंगठ्याची लाज जाते. बातमीलाही ते बरं दिसतं. पण माझं आता ठाम मत झालं आहे की सही पहिल्यांदा शिकवू नये. वाचता येण्याआधी तर मुळीच नाही.

याचं कारण माझ्या घरातलं आहे. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. १९५९ मध्ये त्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावोगाव रात्रीचे वर्ग भरले. आजी तेव्हा तरुण होती. कंदिलाच्या उजेडात ती आपलं नाव लिहायला शिकली. गावाचा वर्ग पूर्ण झाला, समारंभ झाला. पुढे वाचायला तिच्या हाती काही आलं नाही आणि शिकलेली अक्षरं शेणामातीत पुसून गेली. सही तेवढी हातात राहिली. तिचा तिला फार अभिमान होता. काही वर्षांनी माहेरहून कागद आला. विहिरीवरच्या मोटारीच्या कनेक्शनला बहिणीची सही लागते म्हणाले. आजीने ठसठशीत सही केली. ते हक्कसोडपत्र होतं.

अंगठा लावला असता तर काय झालं असतं? कदाचित तेच. पण अंगठा घेताना कागद वाचून दाखवायचा, तसं त्यावर लिहायचं, साक्षीदार घ्यायचे, असा रिवाज आहे. समोरच्याला वाचता येत नाही हे सगळ्यांना मान्य असतं. सही करणाऱ्याला कुणी वाचून दाखवत नाही. त्याने वाचलं असणार असं धरलं जातं. म्हणजे ज्याला सही येते पण वाचता येत नाही, तो अंगठेवाल्यापेक्षाही उघडा पडतो. आम्ही त्याची ढाल काढून घेतो आणि हातात तलवार देत नाही.

आजीने याबद्दल कुणाला दोष दिला नाही. “माझीच सही हाय,” एवढंच म्हणायची.

म्हणून आमच्या तंबूतल्या वर्गात क्रम बदलला. आधी आकडे. मजुरांचा तोंडी हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता, फक्त आकड्यांचे आकार ओळखायचे होते. ते दोन आठवड्यांत झालं. मग हजेरीच्या वहीत आपलं नाव शोधणं. मग पासबुकात जमेचं घर कुठलं, खर्चाचं कुठलं, शेवटची बाकी कुठे. मग औषधाच्या पट्टीवरची मुदत. लिहायला शिकवलं ते आधी आकडे आणि तारीख. स्वतःच्या वहीत रोज किती तास काम केलं ते लिहून ठेवायचं. सही सर्वांत शेवटी. आणि तिच्याबरोबर एक वाक्य पाठ करून घेतलं: “पहले पढ़ूँगा, फिर दस्तखत करूँगा।” उस्ताद हे वाक्य पहारेकऱ्याच्या ललकारीसारखं म्हणून घ्यायचे.

दोन महिन्यांनी वर्गातले सर्वांत वयस्कर गृहस्थ मुनशीच्या तंबूत गेले. आपली वही पुढे ठेवली. त्यांच्या वहीत सव्वीस दिवस होते, हजेरीपटावर बावीस. मी तिथं नव्हतो, मला हे दुसऱ्यांनी सांगितलं. भांडण झालं नाही. मुनशीने दोन्ही वह्या बघितल्या, बावीस खोडून सव्वीस केलं आणि चहा पाजला. ती चूक होती की लबाडी, मला माहीत नाही आणि इथं मला कुणावर आरोपही करायचा नाही. मला एवढंच दिसलं की पुढच्या महिन्यात चुका कमी झाल्या. सगळ्यांच्याच.

आमच्या वर्गाचं कौतुक सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. अपयशही सांगतो. हंगामभरात मिळून साठ तासही झाले नाहीत. कधी दरड, कधी बर्फ, कधी आमचीच हालचाल. प्रौढ साक्षरतेचे आराखडे साधारण २०० तास धरतात आणि ते बरोबरच आहे. जोडाक्षरं आम्हाला जमलीच नाहीत. बावीसपैकी चौदा शेवटपर्यंत टिकले, त्यातल्या सहा-सातजणांना खऱ्या अर्थाने वाचता आलं. आणि एक चूक माझी. वर्गातल्या बहुतेकांची मातृभाषा संथाली. तिला स्वतःची ओल चिकी लिपी आहे, पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तयार केलेली. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथालीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं. मी हे काहीच न विचारता हिंदीत वर्ग सुरू केला. एका पोराने नंतर सांगितलं, “साहब, हमारी लिखाई अलग है।” कागद हिंदीत होते, म्हणून देवनागरी कामाची होती हे खरं. पण विचारायला हवं होतं. मराठी माणसाला कानडीतून पहिलं अक्षर शिकवलं तर कसं वाटेल?

दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला: म्हाताऱ्यांना कशाला, पोरांना शिकवा. पोरांना शिकवाच. पण कर्जाचा कागद पोराच्या नावावर नसतो. हजेरी पोराची नसते. तो दहावी होईपर्यंत बापाची जमीन राहिली पाहिजे ना?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता मोबाइल आहे, बोललं की काम होतं, वाचायची गरज काय? याला माझं उत्तर असं की मोबाइलच्या काळात अंगठाच परत आला आहे. गावागावात आज यंत्रावर अंगठा टेकवून बँकेतले पैसे मिळतात. सोय मोठी आहे. पण यंत्रावर रक्कम कोण टाकतो? पावतीवर काय छापून आलं ते कोण वाचतो? पूर्वी अंगठ्याचा ठसा कागदावर असायचा, साक्षीदार शेजारी असायचा. आता यंत्र साक्षीदार विचारत नाही. आकडे वाचता येण्याची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती.

सरकारची ‘उल्लास’ योजना २०२२ पासून चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, स्वयंसेवकांच्या जोरावर. २०२४ च्या जूनमध्ये लडाख पूर्ण कार्यात्मक साक्षर म्हणून घोषित झालं, २०२५ मध्ये गोवाही. दोन्हींचं अभिनंदन. पण लडाखची घोषणा ऐकली तेव्हा मला ते तंबू आठवले. गावात पाहणी होते तेव्हा ही माणसं लडाखमध्ये असतात, आणि लडाखची पाहणी होते तेव्हा ती दुमक्याची असतात. हंगामी मजूर दोन्ही याद्यांतून निसटतो. प्रदेश साक्षर होतो, त्याचा रस्ता बांधणारा राहून जातो.

हे आपल्याकडेही आहे. बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास घर सोडतात ते उन्हाळ्यातच परततात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल मुकादमाकडून, हिशेब मुकादमाच्या वहीत. त्यांच्यासाठी वर्ग आखायचा तर पावसाळ्यात गावी आणि हंगामात कारखान्याजवळच्या कोप्यांवर, असा दोन तुकड्यांत आखावा लागेल. पहिला धडा ‘अ अननसाचा’ नको. पहिला धडा वजनकाट्याची पावती आणि उचलीचा आकडा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, बायकांची ७६. म्हणजे जवळजवळ चारातली एक. ती एक बाई बहुधा अशाच कोपीत सापडेल.

माजी सैनिकांना माझी विनंती आहे. स्वयंसेवक कुठून आणायचे हा या योजनांचा कायमचा प्रश्न, आणि आपल्या सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर, सांगलीच्या गावांत तुम्ही बसलेले आहात. तुमच्याइतकं मोठ्या माणसांना शिकवलेलं गावात दुसरं कुणी नाही. सैन्याची शिक्षणासाठी स्वतंत्र कोअर आहे, तिचं केंद्र पचमढीला. जुन्या मंडळींना बढतीसाठी द्यावी लागलेली शिक्षणाची परीक्षा आणि नकाशावाचनाचा पेपर आठवत असेल. खेड्यातून आलेल्या पोराला अपमान न करता नवीन गोष्ट हातात कशी द्यायची, हे तुम्ही आयुष्यभर केलं आहे. पुस्तक नसलं तरी चालेल. आधी त्यांचे कागद बघा. आठवड्यातून किती तास खरोखर मिळतील ते प्रामाणिकपणे मोजा. सही शेवटी शिकवा. आणि वर्ग संपल्यावर वर्षभर वाचायला काहीतरी हातात राहील याची सोय आधी करा, मग वर्ग सुरू करा. शेवटी परीक्षा होईल तेव्हा होईल. खरी परीक्षा मुनशीच्या तंबूत असते.

उस्ताद आता निवृत्त होऊन गावी आहेत. मागे त्यांचा फोन आला. गावातल्या बायकांचा वर्ग सुरू करतायत, पहिला शब्द कुठला घेऊ म्हणून विचारत होते. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला.

“विचारलं, साहेब. बायका म्हणाल्या, ‘उतारा’ शिकवा.”

सातबाराचा उतारा. उ, ता, रा. खोलायला सोपा, जोडायला सोपा.